सोपं गाणं, अवघड गाणं आणि आपली जयंती

मार्च महिना लागला की आमच्या दारव्ह्यात जयंतीच्या बैठका सुरू होतात. वर्गणी, मिरवणुकीचा मार्ग, भोजनदान, व्याख्याता कोण बोलवायचा, हे सगळं तासाभरात उरकतं. मग एक मुद्दा निघतो आणि बैठक मध्यरात्रीपर्यंत लांबते. डीजे किती वाजेपर्यंत ठेवायचा आणि भजनमंडळाला वेळ किती द्यायचा?

यंदा एक तरुण कार्यकर्ता सरळच बोलला, "बाबा, तुमचं गाणं आमच्या पोरायले जड जाते. सोपं पाह्यजे, नाचता आलं पाह्यजे." ज्यांना तो बोलला ते मंडळातले जुने पेटीवादक. शकुंतला गाडी चालू होती तेव्हा पेटी-ढोलकी गाडीत टाकून मूर्तिजापूरपर्यंत भीमगीतं गायला जाणारी ही माणसं. ते म्हणाले, "पोट्टेहो, सोपं तं आमचंही होतं. पन त्याच्यात काही होतं." त्यावर आमच्यातलाच एक शिकलेला मित्र मध्ये पडला. "हे जगभर असंच चालतं," तो म्हणाला. "एक पिढी अवघड करते, पुढची सोपं करते, तिच्या पुढची परत अवघड करते. निसर्गाचं चक्र आहे. भांडता कशाला?"

बैठक संपली, पण ते 'निसर्गाचं चक्र' आमच्या डोक्यातून जाईना. तेव्हा नीट उत्तर सुचलं नव्हतं. ते इथे मांडतो आहोत.

आधी मित्राची बाजू प्रामाणिकपणे मांडू या, कारण तिच्यात तथ्य आहे. युरोपात योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) या संगीतकाराने एकाच वेळी चार-पाच स्वरओळी एकमेकींत गुंफणारं संगीत पराकोटीला नेलं. त्याच्या हयातीतच, १७३७ साली, शायबे नावाच्या टीकाकाराने लिहिलं की हे संगीत फार बोजड आहे, अतिकलाकुसरीने त्यातलं सौंदर्य झाकलं जातं. बाखच्या स्वतःच्या मुलांनी वेगळी, हलकी, एका सुरेल ओळीवर चालणारी शैली धरली. बाप जुना ठरला. मग पुढच्यांनी त्या सोप्या शैलीवर पुन्हा इमारत चढवली, ती इतकी की बेथोव्हेनच्या शेवटच्या काही रचना त्याच्या काळातल्या लोकांना कळेनात. १८२९ मध्ये मेंडेल्सझोनने बाखची एक मोठी रचना पुन्हा रंगमंचावर आणली आणि जुना बाप नव्याने मोठा झाला. विसाव्या शतकात शोएनबर्गने बारा स्वरांचं असं गणित मांडलं की सामान्य श्रोता बाहेरच राहिला. त्याला उत्तर म्हणून १९६४ साली अमेरिकेत टेरी रायलीने छोटे छोटे स्वरतुकडे पुन्हा पुन्हा वाजवण्याची रचना केली. हाच रायली पुढे किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला.

आपल्या महाराष्ट्रातही हे चक्र दिसतं. धृपदाची कडक शिस्त ख्यालाने सैल केली. मग ख्यालच अवघड झाला. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिलेल्या उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांनी अनवट राग आणि वळणावळणाच्या, तालाशी झुंजणाऱ्या ताना यांची अशी गायकी घडवली की शिकणाऱ्याचं अर्धं आयुष्य तिच्यात जावं. त्याच काळात मिरजेला स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) एकेक स्वर शांतपणे लावत होते आणि अडाणी माणसालाही हलवत होते. भास्करबुवा बखल्यांनी १९१६ च्या 'संगीत स्वयंवर' नाटकात तासाभराचा राग काही मिनिटांच्या पदात बसवला. मोगूबाई कुर्डीकरांनी अल्लादिया खाँसाहेबांची ती कठीण विद्या जिवाच्या कराराने मिळवली. त्यांच्याच लेकीने, किशोरी आमोणकरांनी, त्या तानांपेक्षा आलापातल्या भावाला मोठं मानलं आणि घराणं मोडल्याची टीका सोसली. आई आणि मुलगी, एकच विद्या, दोन दिशा.

तेव्हा चक्र आहे, हे मान्य. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. हे चक्र फिरवण्याचा अधिकार कोणाला होता?

बाखच्या मुलाने गाणं सोपं केलं तेव्हा त्याला 'नवी शैली' म्हटलं गेलं. आपल्या माणसाने गाणं सोपं केलं की त्याला काय म्हणतात? गावंढळ. लोकसंगीत. फार तर 'रांगडं' म्हणून कौतुक. सोपेपणा तोच, पण एकाच्या वाट्याला इतिहास येतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला जात.

समाजशास्त्र शिकताना आम्हाला पिएर बोर्द्यू भेटला. फ्रान्समध्ये कोणत्या वर्गाला कोणतं संगीत आवडतं याची पाहणी करून त्याने १९७९ साली ग्रंथ लिहिला. बाखची रचना आवडणारे कोण आणि 'ब्लू डॅन्यूब' आवडणारे कोण, हे त्याने मोजलं. त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा की आवड ही केवळ कानाची गोष्ट नसते, ती घरातून, शाळेतून, ऐपतीतून येते आणि वरचे लोक तिचा उपयोग आपलं वरचेपण दाखवण्यासाठी करतात. बाबासाहेबांचा श्रेणीबद्ध विषमतेचा विचार वाचलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. फ्रान्समध्ये वर्गाची शिडी होती, इथे जातीची आहे, आणि संगीतसुद्धा त्याच शिडीच्या पायऱ्यांवर मांडून ठेवलेलं आहे.

दाखले आपल्याच मातीतले घ्या. केसरबाई केरकर आणि मोगूबाई या दोघी गोव्याच्या कलावंत समाजातल्या, ज्या समाजाच्या बायांना देवळाच्या सेवेत बांधलं गेलं होतं. सर्वांत अवघड गाणं त्यांनी पेललं, तरी मानासाठी त्यांना जन्मभर झगडावं लागलं. १९७७ साली अमेरिकेने अंतराळात पाठवलेल्या व्हॉयेजर यानांच्या तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे. सूर्यमालेच्या बाहेर पोचलेला आवाज एका कलावंतिणीचा आहे, हे किती संगीतवर्गांत सांगितलं जातं? 'एकच प्याला' नाटकातल्या पदांना चाली देणाऱ्या सुंदराबाई या लावणी-ठुमरीच्या बैठकीत गाणाऱ्या. बैठकीत तेच गाणं हलकं आणि नाटकात आलं की अभिजात!

चोखोबांचं बघा. देवळाच्या दाराबाहेर उभं राहून रचलेले अभंग, भाषा साधी, छंद साधा. आज तेच अभंग मोठमोठे गवई रागात बांधून सभागृहात गातात, श्रोते डोळे मिटून डोलतात. गाणं आत गेलं. ज्या चोखोबांना बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत स्थान दिलं, त्यांच्या वस्तीतल्या किती पोरांना त्या सभागृहात गायला बोलावतात?

आणि पेटी! आपल्या भजनमंडळांचा प्राण असलेली हार्मोनियम १९४० ते १९७१ अशी तीन दशकं आकाशवाणीवर बंद होती. तिच्यात भारतीय संगीताचे बारकावे निघत नाहीत, असं कारण दिलं गेलं. १९५२ च्या सुमारास केसकर मंत्री असताना सिनेमाची गाणीही आकाशवाणीवरून हद्दपार झाली आणि लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. कोणतं संगीत शुद्ध, कोणतं भ्रष्ट, याचा निवाडा दिल्लीत बसून काही मोजकी माणसं करत होती. याला आम्ही निसर्गाचं चक्र म्हणायचं?

अवघडपणा मोजायची फूटपट्टीही एकाच घरातली आहे. राग किती वेळ फुलवला, तान किती गुंतागुंतीची, यावर गुण. लग्नाच्या वरातीत मातंग बांधव हलगीवर जी लय उलटीपालटी करतात, सनई श्वास न तोडता जी वाजत राहते, तिला गुण नाहीत. मंडपात मंगल मानली जाणारी सनई वाजवणारा माणूस मंडपाबाहेर बसायचा. दक्षिणेत तर टी. एम. कृष्णा या गायकाने २०२० साली मृदंग बनवणाऱ्यांवर पुस्तकच लिहिलं. कर्नाटक संगीताचा कणा असलेलं ते वाद्य गाय, म्हैस आणि शेळीच्या कातड्यातून घडवणारे बहुतेक कारागीर दलित ख्रिस्ती आहेत. कातडं आमचं, कष्ट आमचे, आणि शास्त्र तेवढं त्यांचं.

इथपर्यंत वाचून आमचे तरुण मित्र खूश झाले असतील. "म्हणजे शास्त्रीयबिस्त्रीय सगळं ब्राह्मणी, डीजेच बरा!" थांबा. आता आपल्याकडे वळू या.

आपल्याही संगीताला पिढ्या आहेत. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजातून सत्यशोधक जलसे निघाले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. त्यात गणपतीच्या गणाची जागा नव्या वंदनाने घेतली, सोंगाड्याच्या विनोदातून सावकार, भटजी, गावकी यांची उलटतपासणी होऊ लागली. सवाल-जवाब, लांब वग, युक्तिवाद. अक्षरओळख नसलेला श्रोता रात्रभर बसून तो युक्तिवाद ऐकायचा आणि सकाळी मेलेलं जनावर ओढायला नकार द्यायचा. एक जलसा हा आपल्या दहा सभांच्या तोडीचा आहे, असं बाबासाहेब म्हणत, ही आठवण चळवळीत आजही सांगतात.

मग वामनदादा आले (१९२२–२००४). सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मुंबईत मोठ्या वयात अक्षरं शिकला आणि त्याने हजारो गीतं लिहिली. रात्रभराच्या जलशातला युक्तिवाद त्यांनी चार कडव्यांत आणला. त्यांचा शब्द शेतमजूर बाईलाही कळतो, आणि पीएचडी करणारा त्याच शब्दावर प्रकरण लिहू शकतो. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या आवाजांनी गाणं आणखी पसरवलं. कव्वाली आली, कॅसेट आली, सिनेमाच्या चाली आल्या. प्रल्हाददादांनंतर आनंद शिंदे आणि त्यांच्यानंतर आदर्श शिंदे अशी एकाच घराची तिसरी पिढी आज गाते आहे. तेव्हाच्या म्हाताऱ्यांनी कॅसेटलाही नावं ठेवलीच होती. आज डीजेला नावं ठेवणाऱ्या बाबांना हे आठवत असेल.

म्हणून आम्ही 'नवं ते वाईट' या बाजूचे नाही. डीजेच्या आवाजामागे एक राग आहे, तो आम्ही ओळखतो. ज्या रस्त्यावरून आपल्या आज्याला मान खाली घालून जावं लागलं, तिथून नातू छाती हादरवणाऱ्या आवाजात जातो, तेव्हा तो केवळ नाचत नसतो. तो रस्ता आपलाही आहे, हे बजावत असतो.

पण सोपेपणाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. एक सोपेपणा कमावलेला असतो, दुसरा भाड्याने आणलेला. वामनदादांचं सोपं गाणं कमावलेलं होतं. त्यांना छंद माहीत होते, जलसा माहीत होता, बाबासाहेब वाचलेले आणि ऐकलेले होते. सगळं अवघड पचवून ते सोपे झाले. भाड्याचा सोपेपणा संध्याकाळी ट्रकवर चढून येतो आणि रात्री उतरून जातो. मागे काय उरतं? आमच्या वस्तीचा हिशेब सांगतो. आज पेटी वाजवू शकणारे दोन जण आहेत, दोघंही साठीच्या पुढचे. ढोलकीवर हात बसलेला एकही तरुण नाही. विहारातली पेटी ट्रंकेत आहे, तिचा भाता उंदरांनी कुरतडला आहे.

मित्राच्या चक्रातली मेख इथे आहे. बाखच्या मुलांनी वडिलांची विद्या नाकारली, पण ती त्यांना येत होती. वडिलांनीच शिकवली होती. किशोरीताईंनी वाट बदलली, पण आधी आईकडून सगळं घेऊन. हातात असलेली गोष्ट सोडता येते. नसलेली गोष्ट सोडली म्हणणं ही फसवणूक आहे. उद्या आपल्या एखाद्या नातीला वाटलं की आपण पुन्हा लांब, अवघड, विचाराचं गाणं करावं, तर तिच्या हाती काय असेल? साखळी तुटली की चक्र फिरत नाही.

तथागतांनी सोण भिक्खूला वीणेची उपमा दिली होती, ती आपल्याला ठाऊक आहे. सोण आधी वीणा वाजवायचा. भगवंतांनी विचारलं, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? नाही. फार सैल सोडल्या तर? नाही. ही उपमा साधनेसाठी होती, पण संगीतालाही लागू पडते. शास्त्रीय सभागृहाने तार इतकी ताणली की आपण बाहेर पडलो. आपण डीजेत ती इतकी सैल सोडली की सूरच उरला नाही.

मग 'शास्त्रीय शिकणं म्हणजे ब्राह्मणी होणं' हा आक्षेप येईल. आमचं उत्तर असं. ज्या विद्येत मुसलमान उस्तादांनी रक्त आटवलं, जी कलावंतिणींनी जपली, जिला आरक्षणाचा पहिला हुकूम १९०२ साली काढणाऱ्या शाहू महाराजांनी पोसलं, ती ब्राह्मणांची मालमत्ता कधी झाली? विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला विद्यालय काढून आणि भातखंड्यांनी दहा थाट व पुस्तकं करून संगीत दरबाराबाहेर आणलं, हे त्यांचं मोठं काम. पण त्या विद्यालयांच्या पायऱ्या चढणारे बहुतांशी एकाच थरातले राहिले. विद्या सोपी केली तरी दार सोपं झालं नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, म्हणून त्यांनी 'आम्हाला नकोच' म्हटलं नाही. त्यांनी ते स्वतः शिकून घेतलं आणि मग त्या ग्रंथांची झडती घेतली. त्याच बाबासाहेबांनी उतारवयात हौसेने व्हायोलिन हातात घेतलं होतं.

आमच्या वस्तीतली एक मुलगी एका संगीतवर्गात जायची. एका कार्यक्रमात ती भूप गायली आणि लगेच एक भीमगीत गायली. नंतर एक श्रोता तिला म्हणाला, "पहिलं छान होतं. दुसरं जरा साधंच." तिने घरी येऊन आम्हाला विचारलं, "दादा, दोन्ही तर त्याच पाच सुरांत होते ना?" होते. सा, रे, ग, प, ध. भूप हा नवशिक्याला पहिल्यांदा शिकवतात इतका सोपा राग आहे, आणि किशोरीताईंसारख्या गायिकेला जन्मभर पुरेल इतका अवघड. पाच सूर एकाच्या तोंडी शास्त्र आणि दुसऱ्याच्या तोंडी साधे होतात, ते सुरांमुळे नव्हे. त्या पोरीने एका वाक्यात पकडलं ते आम्हाला एमएच्या दोन वर्षांत सापडलं नव्हतं.

एक नाजूक गोष्टही बोलली पाहिजे. बाबासाहेबांच्या हाकेनंतर आपल्या लोकांनी गावकीची कामं सोडली आणि त्यांबरोबर कित्येक गावांत सणासुदीला वाजवणंही सोडलं. ते बरोबरच होतं. ते वाजवणं म्हणजे वेठ होती, कला म्हणून त्याला मान नव्हता. पण ज्याने वाद्य खाली ठेवलं तो स्वतंत्र माणूस होता, आणि स्वतंत्र माणसाला तेच वाद्य स्वतःच्या इच्छेने पुन्हा उचलायचाही हक्क आहे. गावाच्या हुकमाने वाजवलेला डफ वेगळा आणि विहारासमोर आपल्या मर्जीने वाजवलेला डफ वेगळा.

म्हणून पुढच्या बैठकीत आम्ही हे ठराव मांडणार आहोत. पहिला, डीजेची एक रात्र कमी करायची. आमच्याकडे एका रात्रीला जेवढा पैसा जातो तेवढ्यात एक पेटी आणि एक तबलाजोडी सहज येते. दुसरा, दर रविवारी विहारात दोन तास वर्ग. पेटी, तबला, ढोलकी आणि वर्षाला निदान दोन राग. मुली-मुलं एकत्र, आणि मातंग, मुस्लिम, आदिवासी घरांतल्या पोरांनाही दार उघडं. तिसरा, दोन्ही पेटीवाल्या बाबांना येत असलेली सगळी गाणी मोबाईलवर रेकॉर्ड करायची आणि कवीच्या नावासकट वहीत उतरवायची. चौथा, १४ एप्रिलला मिरवणुकीआधी एक तास आपल्याच वस्तीच्या गायकांचा. त्या तासात ज्याला रॅप करायचा त्याने रॅप करावा. चेन्नईच्या कास्टलेस कलेक्टिव्हने २०१७ पासून गाना आणि रॅप एकत्र करून जातीवर बोलून दाखवलंच आहे. अट एकच, शब्द स्वतःचे आणि गळा स्वतःचा.

यातलं काय मंजूर होईल ते माहीत नाही. त्या तरुण कार्यकर्त्याला आम्ही लेख वाचून दाखवला. तो म्हणाला, "रात्र कमी कराले पोट्टे तयार होनार नाहीत." मग थोडं थांबून म्हणाला, "पन त्या ढोलकीची चावी कोनापाशी हाये?" चावी पेटीवाल्या बाबांकडे आहे. या रविवारी ट्रंक उघडणार आहोत. दारव्ह्यातल्या, आजूबाजूच्या खेड्यांतल्या ज्या कुणाला पेटीचा भाता दुरुस्त करता येतो, त्याने यावं.

जयभीम! नमो बुद्धाय!